चौथ्या सिलिंडरचा कोपरा

मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, शुक्रवारी दुपारी फोनवर मोजकंच सांगितलं. सोमवारी सकाळी पावणेसातला व्हॅन शाळेच्या फाटकात दिसली पाहिजे. नाही दिसली तर चौदा मुलांचा हा मार्ग दुसऱ्या चालकाकडे जाईल, आणि मग तो परत मागायला येऊ नये.

व्हॅन चालवणारी बाई तीन वर्षं हा मार्ग सांभाळत होती. गुरुवारी मुलांना घरी सोडताना पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर इंजिन तापलं, मागून पांढरा धूर आला आणि व्हॅन थांबली. तिने मुलांना उतरवलं, भिंतीच्या सावलीत ओळीने बसवलं आणि चौदा घरी चौदा फोन केले. शेवटचं मूल पाऊण तासाने गेलं. त्यातल्या दोन आयांनी शाळेत तक्रार केली होती.

"हेड गॅस्केट गेलं," मिस्त्रीने सांगितलं. त्याचं गॅरेज तिच्या घरापासून तिसऱ्या दाराला. "म्हणजे काय, तर इंजिनाचा ब्लॉक खाली, हेड वर, आणि मध्ये हा पातळ पत्रा. एकीकडे जळता वायू, दुसरीकडे पाणी, तिसरीकडे तेल. तिघांनी एकमेकांचं तोंड बघू नये, एवढंच त्याचं काम. आता तिघं एकत्र नांदतायत."

"सोमवारपर्यंत होईल?"

मिस्त्रीने उजवा हात पुढे केला. जॅक घसरून मनगट मोडलं होतं आणि कोपरापर्यंत प्लास्टर होतं. "हात बंद आहे, ताई. तोंड चालू आहे. तुम्ही काम करा, मी बोलतो."

तेल, फिल्टर, पट्टे ती स्वतः बदलत असे. नवरा जहाजावर नोकरीला होता आणि तीन-तीन महिने घरी नसायचा, त्यामुळे हे शिकावंच लागलं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तिने इंजिन उघडलं आणि हेड तपासायला मशीनवाल्याकडे पाठवलं. शनिवारी सकाळी ते परत आलं. तडा नव्हता.

शनिवारी तिच्याबरोबर सासरेही आले. वय एकाहत्तर. अडतीस वर्षं त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले होते. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून ओळ लावायची, ओळींचं पान बांधायचं, पान यंत्रावर चढवायचं. छापखाना बंद झाल्यापासून त्यांच्याकडे दोन कामं उरली होती. एक, भाजी निवडणं. दुसरं, वर्तमानपत्रातल्या चुकांना लाल पेनाने गोल करणं, आणि तो अंक कोणालाही न पाठवता माळ्यावर ठेवणं.

"मी काही हात लावणार नाही," ते दारातच म्हणाले. "नुसता बसतो."

"बसा की काका," मिस्त्री म्हणाला. "दोन बसणारे, एक करणारी. सरकारी ऑफिस झालं आपलं."

सुट्या भागांच्या दुकानदाराने फोनवर पहिला प्रश्न विचारला, किती भोकांचं गॅस्केट? गॅस्केटच्या कडेला बारीक भोकं पाडलेली असतात. एक भोक म्हणजे सगळ्यात पातळ, दोन म्हणजे मधलं, तीन म्हणजे जाड. जुन्याला दोन होती.

"मग दोनच सांगते," ती म्हणाली.

"थांबा. जुनं कोणी बसवलं, काय बघून बसवलं, माहीत आहे? तुमच्या आधी या गाडीचे दोन मालक झालेत. मोजायचं."

मोजणं असं. पिस्टन अगदी वर आणायचा. वर आला की तो ब्लॉकच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर डोकावतो. किती डोकावतो ते काटा असलेल्या गेजने बघायचं, आणि त्यावरून गॅस्केटची जाडी ठरवायची. पान्याने इंजिन फिरवायचं काम सुनेचं. काटा वाचणार कोण? मिस्त्रीचा चष्मा घरी होता आणि असता तरी उपयोग नव्हता, हे त्याने स्वतःच कबूल केलं.

सासरे खुर्चीवरून उठले.

"एक मिलिमीटर आणि वर सहा शतांश," ते म्हणाले. दुसरा पिस्टन, एक आणि सात. तिसरा, एक आणि पाच. चौथा, एक आणि बारा. त्यांनी चौथा पुन्हा मोजायला लावला. मग तिसऱ्यांदा. बाराच आले.

मिस्त्रीने भिंतीवरचा तक्ता डाव्या हाताने दाखवला. एक आणि दहापर्यंत दोन भोकं. त्याच्या वर तीन.

"म्हणजे तिघं दोनाचे, एक तिनाचा," सून म्हणाली. "बहुमत दोनाचं."

"इथे बहुमत चालत नाही, ताई. सगळ्यात उंच जो, त्याच्या मनासारखं करायचं. नाहीतर तो वर जाऊन हेडला डोकं आपटतो."

"आमच्याकडेही असंच," सासरे म्हणाले. "फर्म्यात, म्हणजे बांधलेल्या पानात, एक खिळा उंच राहिला की कागद नेमका तिथेच फाटायचा. बाकीचे हजार सरळ असले तरी काय."

मिस्त्रीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "बरोबर बोललात काका. अगदी तेच." त्याने टेबलावरचं फडकं उचलून त्यांच्यासाठी जवळची जागा पुसली. सासरे तिथे बसले, आणि नंतर दिवसभर खुर्चीकडे परत गेले नाहीत.

ती दुकानात जाऊन तीन भोकांचं गॅस्केट आणि दहा नवे बोल्ट घेऊन आली. जुने बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, पुन्हा वापरत नाहीत. मग तिघांनी हेडचा पृष्ठभाग तपासला. त्यावर पोलादी पट्टी उभी धरायची आणि मागून बॅटरी लावायची. पट्टीखालून उजेड दिसला तर तिथे खोलगट आहे. चौथ्या सिलिंडरच्या बाहेरच्या कोपऱ्यात उजेडाची केसाएवढी रेघ दिसली. फट मोजायच्या पात्यांपैकी पाच शतांशाचं पातं तिथून गेलं, सहाचं गेलं नाही.

"दहापर्यंत चालतं," मिस्त्री म्हणाला. "पास."

"पण उजेड दिसतोय," सासरे म्हणाले.

"दिसू दे की. गॅस्केट दबतं, तेवढं भरून काढतं. त्याला त्याचं काम करू द्या."

सासऱ्यांनी मान हलवली. सुनेने ब्लॉक पुसला, बोल्टांची भोकं कोरडी केली, गॅस्केट बरोबर बाजू वर ठेवून बसवलं. हेड साखळीच्या कप्पीला टांगून वर आणलं. आता खाली उतरवायचं. तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, आधी हात साबणाने धुवा, कोपरापर्यंत. ती मागच्या नळावर गेली. मिस्त्रीला रस्त्यावरून कोणी हाक मारली म्हणून तोही दारात गेला.

सासरे इंजिनापाशी एकटे उरले.

छापखान्यात पान यंत्रावर चढलं की पहिला कागद काढून उजेडात धरायचा. कुठे अक्षर फिकट उठलं असेल, तर तिथे दाब कमी आहे. मग त्या जागेपुरता पातळ कागदाचा तुकडा खळीने चिकटवायचा. जागा भरते, अक्षर उठतं. अडतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पान या तुकड्यांशिवाय गेलं नव्हतं. चांगला कारागीर तोच, ज्याला कुठे किती कागद घालायचा ते कळतं.

बोल्टांच्या खोक्यात पातळ, जवळजवळ पारदर्शक कागद होता. त्यांनी नखाएवढा तुकडा फाडला. कात्रीने कापला नाही, कारण फाडलेली कड पातळ होत जाते आणि तिचा वळ उमटत नाही. बोटांत चुरून जाडी अजमावली. तीन शतांश, फार तर चार. जिभेवर ओला केला आणि गॅस्केटच्या त्या कोपऱ्यावर बसवला.

ती हात पुसत आली. हेड खाली उतरलं.

बोल्ट आवळायचा क्रम ठरलेला असतो, मधल्यापासून कडेकडे. सासऱ्यांनी क्रमाचा तक्ता हातात घेऊन क्रमांक पुकारले आणि तिने आवळले. आधी हलके, मग जोरात, मग प्रत्येकाला पाव वळसा, पुन्हा पाव वळसा. शेवटच्या पाव वळशाला तिला दोन्ही हातांनी लोंबकळावं लागलं. "दहावा झाला," ते म्हणाले, आणि तक्त्यावर खूण केली. सगळं पाच वाजून दहा मिनिटांनी संपलं.

"बाबा, तुम्ही नसता तर आज झालं नसतं," घरी जाताना ती म्हणाली. त्यांनी तिच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली.

रविवारी सकाळी तिने पट्टा, नळ्या आणि पाणी जोडलं. अकरा चाळीसला चावी फिरवली. दोनदा नुसतं गुरगुरलं, तिसऱ्यांदा लागलं. आवाज स्वच्छ होता. धूर आधी थोडा आला, मग थांबला. मिस्त्रीने डावा हात रेडिएटरवर ठेवला, मग धुराच्या नळीमागे धरला आणि वास घेतला.

"लागलं," तो म्हणाला. "ताई, उद्यापासून मी तुमच्याकडे नोकरी मागायला येणार."

तिने मोठ्या बाईंना फोन लावला. "हो, बाई. पावणेसातला. नाही, साडेसहालाच येते." फोन ठेवून ती पायरीवर बसली आणि दोन्ही तळहातांनी तोंड झाकून एक मिनिट तशीच राहिली. मिस्त्री मुद्दाम दुसरीकडे बघत बोलत राहिला.

"काल हात धुवायला लावले म्हणून राग आला असेल. पण त्या दोन पृष्ठभागांच्या मध्ये गॅस्केटशिवाय काही म्हणजे काही जाता कामा नये. माझ्या उस्तादाने एकदा हेड बसवलं, मध्ये दाढीचा केस गेला. एक केस! महिन्याभरात त्याच रेषेने पाणी आलं."

"आणि समजा," सासऱ्यांनी विचारलं, "पातळ कागद गेला तर?"

"कागद?" मिस्त्री हसला. "कागद तर पहिल्यांदा जळेल. जळला की त्याच्या जागी फट. काका, तिथे छापायचं काय असतं?"

सासरेही हसल्यासारखे झाले. त्यानंतर त्यांनी सगळे पाने पुसले, मापाप्रमाणे लावले, पुन्हा काढून पुन्हा पुसले. बारा पंचवीसला, सून हत्यारांची पेटी बंद करत असताना, ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"त्यात कागद आहे," ते म्हणाले.

"कशात?"

"चौथ्याच्या कोपऱ्यात. मी लावला. तुम्ही हात धुवायला गेला होतात."

त्यांनी तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. तिला आधी तेवढंच जाणवलं, बाकीचं नंतर कळलं.

"केवढा?"

त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं.

इंजिन अजून चालू होतं. मिस्त्री जवळ आला, काय झालं ते त्याने ऐकलं आणि "अरे देवा" एवढंच म्हणाला.

"हे बघा ताई," मिस्त्री हळू आवाजात म्हणाला, "मी सांगितलं असं म्हणू नका. पण आठवडा निघेल. शुक्रवारपर्यंत चालवा, पुढच्या शनिवारी उघडू. मोठ्या बाईंना कळणारही नाही."

"नक्की निघेल?"

"नुसतं गॅस्केट असतं तर नक्की म्हटलं असतं. कागदाचं मी कसं सांगू?"

"आणि नाही निघाला, तर गॅस्केट कुठे जाईल?"

"जिथे जोर लागतो तिथेच जाणार. चढावर."

तिने व्हॅनमध्ये हात घालून चावी फिरवली. गॅरेज एकदम शांत झालं. सुट्या भागांचं दुकान रविवारी बंद असे. दाबलेलं गॅस्केट पुन्हा वापरता येत नाही, ताणलेले बोल्टही नाहीत. सोमवार गेला होता, हे तिघांनाही वेगळं सांगावं लागलं नाही.

"मला वाटलं जागा भरेल," सासरे म्हणाले.

"तुम्ही घरी जा, बाबा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ते गेले.

दुपारी तिने मोठ्या बाईंना दुसरा फोन केला. इंजिन पुन्हा उघडावं लागतंय, उद्या येता येणार नाही. बाईंनी कारण विचारलं. ती म्हणाली, कामात चूक राहिली. बाई म्हणाल्या, ठीक आहे, मग मी दुसऱ्या चालकाला सांगते. फोन पंचेचाळीस सेकंद चालला.

सोमवारी सासरे सहाला उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सुनेला न सांगता बाहेर पडले. शाळा पायी पंचवीस मिनिटांवर. ते पोचले तेव्हा मोठ्या बाई हजेरीची वही घेऊन फाटकातच उभ्या होत्या. सहा त्रेचाळीसला दुसऱ्या चालकाची पांढरी व्हॅन आली. मुलं उतरली. एका मुलीने व्हॅनकडे बघून विचारलं, "आमच्या ताई कुठे आहेत?"

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"त्यांचा सासरा. त्या ताईंचा."

"त्यांनी पाठवलं?"

"नाही. तिला माहीत नाही. चूक राहिली असं तिने सांगितलं ना? ती तिची नव्हती. माझी होती."

त्यांनी सगळं सांगितलं, क्रमाने, काहीही न वगळता. बाई मध्येच एका मुलाची सुटलेली नाडी बांधायला वाकल्या, पण ऐकत होत्या.

"म्हणजे काल गाडी चालू होती," त्या म्हणाल्या.

"अकरा चाळीसला चालू झाली. उत्तम चालू होती."

"आणि तरी तिने बंद केली."

"हो."

"तुम्ही सांगितलं नसतं तर?"

"आज ती इथे असती."

बाईंनी वही मिटली. "तुम्ही आधी काय करायचात?"

"खिळे जुळवायचो. छापखान्यात."

"मग इंजिनात हात घालायचं काय नडलं होतं?"

"सवय," सासरे म्हणाले. "फट दिसली की राहवत नाही."

बाईंनी पांढऱ्या व्हॅनकडे पाहिलं. तिचा चालक शेवटच्या मुलाचं दप्तर उतरवत होता. "या माणसाला मी आठवड्याचा शब्द दिलाय. तो मोडणार नाही. तुमच्या सुनेला सांगा, पुढच्या सोमवारी पावणेसात. दोन आया तिच्या विरुद्ध आहेत, त्यांना मी बघून घेते. पण पुन्हा रस्त्यात मुलं बसलेली दिसली, तर तुम्ही कितीही चांगले कपडे घालून आलात तरी उपयोग नाही."

ते गॅरेजवर पोचले तेव्हा सुनेने हेडचे बोल्ट सैल करायला घेतले होते. तिने वर पाहिलं. इस्त्रीचा शर्ट बघून तिचा हात थांबला.

"कुठे गेला होतात?"

"शाळेत."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही."

"बाबा, तुम्ही ना..." तिने पाना खाली ठेवला. "काय म्हणाल्या त्या? शब्दाला शब्द सांगा. तुमचं त्यात काही घालू नका."

त्यांनी शब्दाला शब्द सांगितलं, नाडी बांधली तेसुद्धा. सांगता सांगता ते पुढच्या सोमवारपाशी आले तेव्हा ती जुन्या टायरवर बसली. "पुढचा सोमवार," ती स्वतःशीच म्हणाली. मग पुन्हा मोठ्याने म्हणाली, आणि मिस्त्रीकडे बघून हसली. हसता हसता तिला नाक पुसावं लागलं आणि गालाला काळं लागलं.

"आमच्या ताई, म्हणाली? कोण, दोन वेण्यांची?"

"दोन वेण्यांची."

"ती माझ्यामागेच बसते. सतत बडबडते." ती उठली. "दुकान दहाला उघडतं. मला हे उघडायला दुपार होईल. तुम्ही जा. तीन भोकांचं गॅस्केट, दहा बोल्ट."

"मी?"

"मग कोण, मिस्त्री? एका हाताने बोल्ट आणतील का गॅस्केट?"

"काका," मिस्त्री म्हणाला, "वाटेत कुठे कागद..."

"मिस्त्री, पुरे," ती म्हणाली.

दुकानदाराने गॅस्केट काढून काउंटरवर ठेवलं. सासऱ्यांनी भोकं मोजली, पारदर्शक वेष्टण न फोडता ते उजेडात तिरकं धरलं आणि दुसरं दाखवायला सांगितलं. दुसऱ्याचा एक कोपरा किंचित मुडपला होता. तिसरं मागितलं.

"आजोबा, लग्नाचं कापड घेताय का?" दुकानदाराने विचारलं.

"तिसरं काढा," ते म्हणाले.

तिसरं सपाट होतं. बोल्ट त्यांनी खिशांत टाकले, पाच उजवीकडे, पाच डावीकडे. गॅस्केट पिशवीत मावत होतं, पण पिशवीत वाकलं असतं. बसमध्ये एका मुलाने जागा दिली आणि कंडक्टरने ते वरच्या फळीवर ठेवायला सांगितलं. त्यांनी दोघांनाही नाही म्हटलं. खांबाला पाठ टेकवून, दोन्ही हातांवर गॅस्केट आडवं धरून, ते सातही थांबे उभे राहिले.